नव्या तलंगा खुराड्यात रुळवताना: पहिले पंधरा दिवस आणि दिवेलागणीची वेळ

कोंबडीच्या लेखी घर म्हणजे जिथे ती रात्री बसते ती जागा. दिवसभर ती शेजारच्या परसात उकरेल, उकिरड्यावर जाईल, पण तिन्हीसांजेला तिचे पाय त्याच एका जागेकडे वळतात. नव्या कोंबडीच्या डोक्यात ती जागा अजून जुन्या मालकाकडची असते. त्यामुळे नव्या कोंबड्या रुळवण्याचं खरं काम सूर्य मावळण्याच्या आगेमागे अर्ध्या तासात होतं. दिवसभर दाणे टाकून, गोंजारून जे जमत नाही ते त्या अर्ध्या तासात जमतं.

याला कारण आहे तिची नजर. उजेडात कोंबडीची नजर तल्लख असते, रंगही तिला चांगले कळतात, पण अंधुक उजेडात तिला फार कमी दिसतं. अंधार पडायच्या आत उंचावर जाऊन बसायचं, ही ओढ तिला झाडावर निजणाऱ्या रानकोंबड्यांकडून मिळालेली आहे. खुराड्यातली दांडी ही तिच्यासाठी झाडाची फांदी. ती नीट असेल तर निम्मी कटकट मिटते, म्हणून सुरुवात तिथूनच.

कोंबड्या येण्याआधी खुराडं

इथे सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, धरून मापं दिली आहेत. परसात पाळायला साडेतीन ते चार महिन्यांच्या तलंगा सोयीच्या: पिल्लांसारखी ऊब द्यावी लागत नाही आणि अंड्यावर यायच्या आधी त्यांना जागेची सवय होते.

सहा जणींना पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच खुराडं पुरतं. म्हणजे प्रत्येकीला अडीच चौरस फूट. हे फक्त रात्रीपुरतं. दिवसा जाळीच्या अंगणात प्रत्येकीला निदान आठ-दहा चौरस फूट हवेत. जमीन दीड-दोन फूट उचललेली बरी. कोकणात तर ती उचलायलाच हवी, नाहीतर पावसाळ्यात खालचं तूस कुजतं आणि त्यातून अमोनियाचा उग्र दर्प येतो. तूस किंवा लाकडाचा भुसा तीन इंच जाडीचा पसरा.

दांडीला प्रत्येकी नऊ इंच जागा धरा. सहा जणींना साडेचार फूट, म्हणजे पाच फुटी एकच दांडी पुरे. उंची दोन फूट, मागच्या भिंतीपासून अंतर एक फूट. गिरिराजसारख्या वजनदार कोंबड्या असतील तर उंची सव्वा ते दीड फूटच ठेवा. भारी अंगाची कोंबडी रोज उंचावरून कठीण जमिनीवर उडी मारते तेव्हा तळपायाला इजा होते, ती चिघळते आणि तिथे गाठ येते. दांडी दीड ते दोन इंच रुंद, कडा तासून गोल केलेल्या. लोखंडी नळी किंवा प्लास्टिकचा पाइप नको: पाय घसरतो, शिवाय लोखंड थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम होतं.

आपल्याकडे दांडीला बांबू सहज मिळतो आणि तो चालतोही, पण दोन गोष्टी कराव्या लागतात. गुळगुळीत पाठ कोयत्याने जराशी खरवडायची, आणि दोन्ही टोकं मातीने किंवा सिमेंटने गच्च बुजवायची. उघड्या टोकांतून आत पिसवा आणि गोचीड वस्ती करतात. पकड यावी म्हणून सुतळी गुंडाळू नका. सुतळीच्या पेडांत हेच किडे लपतात आणि मग ते निघता निघत नाहीत.

दोन दांड्या लावायच्या असतील तर एकाच उंचीवर लावा. वरखाली लावल्या की सगळ्यांना वरचीच हवी असते, त्यावरून रोज संध्याकाळी भांडण होतं आणि खाली बसणारीच्या अंगावर शीट पडते. अंडी घालायच्या खोक्यांचा तळ दांडीपेक्षा निदान फूटभर खाली असावा. खोकं दांडीच्या बरोबरीने किंवा वर असलं तर तलंगा खोक्यातच निजायला लागतात. कोंबडीची दिवसभराची जवळजवळ निम्मी शीट रात्रीत पडते, त्यामुळे पुढे सगळी अंडी बरबटलेली मिळतात. खरं तर या वयात खोकी लागतच नाहीत. फळी ठोकून ती बंदच ठेवा, तुरा आणि तोंड लाल दिसायला लागलं की उघडा.

हवा खेळायला दांडीच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जाळी हवी. निजलेल्या कोंबडीच्या अंगावरून थेट वारा जाऊ नये, पण तिच्या डोक्यावरची गरम, दमट हवा बाहेर जावी. पावसाळ्यात बाहेरून ताडपत्री सोडावी लागली तरी वरची हातभर पट्टी उघडी ठेवा.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो दातांनी ती फाडतो. मोठ्या भोकांतून घूस आणि साप आत येतात. जाळीच्या अंगणाभोवती फूटभर जाळी जमिनीत गाडा, म्हणजे मुंगूस खालून उकरून येणार नाही. दाराला दोन कड्या लावा. नुसत्या ढकलायच्या खिट्टीचा भरवसा नाही.

आणायचा दिवस

घेताना लसीकरण विचारा: मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा आणि आठव्या आठवड्यातली आर टू बी, आणि देवीची लस. राज्य सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. त्यांच्याकडे किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तुमच्या भागातलं वेळापत्रक कळेल. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, गुदद्वाराभोवतीची पिसं कोरडी आणि पायाचे खवले बसके असलेल्याच निवडा. एकटी तलंग कधीच आणू नका. निदान दोन आणा.

शक्य असेल तर तलंगा संध्याकाळी उशिरा उचला. दांडीवर बसलेली कोंबडी अंधारात गप्प पकडता येते, धावपळ होत नाही. पाय बांधून उलटं लटकवत आणू नये. डालग्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली गवत पसरून, दाटी न करता आणा. पोचल्यावर अंधार असेल तर अंगणात सोडू नका, एकेक उचलून थेट दांडीवर बसवा. याची पद्धत आहे: दोन्ही पंख अंगाशी धरून दोन हातांनी उचलायची, छाती दांडीला लावायची आणि पाय दांडीला टेकले की क्षणभर तशीच धरायची. बोटांनी पकड घेतल्याचं हाताला जाणवतं, मग सोडायची. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवा. दार बंद करा आणि दहा मिनिटं बाहेर थांबा. एखादी खाली उतरल्याचा आवाज आला तर पुन्हा बसवा.

दिवसाउजेडी आणल्या तर आधी पाणी द्या, लिटरभर पाण्यात दोन चमचे गूळ विरघळवून. दाणे अर्ध्या तासाने. पहिले चार-पाच दिवस खाद्य बदलू नका. जुन्या मालकाकडून दोन किलो खाद्य मागून घ्या आणि त्यात नवं थोडं थोडं मिसळत जा. पहिल्या दिवशी खाणं कमी होतं, त्याने घाबरायचं कारण नाही. पाणी मात्र प्यायलाच हवं. जी पीत नाही तिची चोच अलगद पाण्यात बुडवून दाखवा.

पहिले पाच दिवस: बंदिस्त

जाळीचं अंगण खुराड्याला जोडलेलं असेल तर पाच दिवस त्या खुराडं आणि अंगण एवढ्यातच राहतील. अंगण नसेल तर तीन दिवस पूर्ण खुराड्यातच, आत खाद्य-पाणी ठेवून. उन्हाळ्यात नुसत्या खुराड्यात दिवसभर कोंडणं धोक्याचं आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हा मार्ग धरूच नका, आधी सावलीतलं जाळीचं अंगण बांधा आणि मगच कोंबड्या आणा.

हे बंदिस्त दिवस कमी करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तलंगा दुसऱ्याच दिवशी रुळल्यासारख्या दिसतात. पण त्या रुळलेल्या असतात खाण्याच्या भांड्याशी. तिसऱ्या दिवशी मोकळ्या सोडलेल्या तलंगा संध्याकाळी पेरूच्या झाडावर, गाडीखाली किंवा शेजाऱ्याच्या पत्र्यावर सापडतात, आणि तिथे एक रात्र काढली की दुसऱ्या रात्री पुन्हा तिथेच जातात.

या पाच दिवसांतली संध्याकाळ अशी असावी. सूर्यास्ताआधी तासभर खाद्य द्या. कोंबडी निजण्याआधी गळ्याखालची पिशवी भरून घेते, रात्रभर तेच तिला पुरतं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, तलंगांना काहीसं कमी. त्यातलं निम्मं संध्याकाळसाठी राखा. हे संध्याकाळचं खाद्य शेवटी खुराड्याच्या आत द्या आणि देताना डबा खळखळवा किंवा ठरलेली हाक मारा. हाक प्रत्येक घरची वेगळी असते, पण रोज तीच हवी.

मग उजेड उतरू लागला की बघा कोण कुठे जातंय. काही आपणहून दांडीवर चढतील. उरलेल्या दाराशी घुटमळतील, कोपऱ्यात एकीवर एक दाटी करतील. ही दाटी पहिल्याच रात्री मोडा, खालच्या गुदमरतात. पूर्ण अंधार पडल्यावर जाऊन एकेकीला दांडीवर ठेवा. बॅटरीचा झोत तोंडावर नको, कापडाने झाकून मंद करा किंवा लाल कागद लावा. रोज हेच. बहुतेक तलंगा चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत स्वतः चढतात. ज्या पिंजऱ्यात किंवा जमिनीवरच वाढल्या आहेत आणि ज्यांनी दांडी कधी पाहिलीच नाही, त्यांना दोन आठवडेही लागतात. त्यांच्यासाठी फूटभर उंचीवर एक पायरी द्या.

खुराड्यात बाहेरच्यापेक्षा आधी अंधार होतो, आणि अंधाऱ्या भोकात शिरायला कोंबडी तयार नसते. नव्या कोंबड्या दारापाशी अडतात त्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. सूर्यास्ताच्या सुमारास आत एक छोटा पिवळा दिवा वीस मिनिटं लावा. बाहेर अंधारतंय आणि आत दिसतंय म्हटल्यावर त्या आत येतात. सगळ्या दांडीवर बसल्याशिवाय तो विझवू नका. दिवा अचानक गेला तर जमिनीवर असलेली कोंबडी रात्रभर तिथेच बसते. म्हणूनच पुढे हिवाळ्यात अंड्यांसाठी उजेड वाढवायचा झाला तर तो पहाटे वाढवावा, संध्याकाळी नाही.

सहाव्या दिवशी दार उघडताना

पहिल्यांदा बाहेर सोडायचं ते सकाळी नाही, तर सूर्यास्ताच्या तासभर आधी, आणि त्या दिवशीचं संध्याकाळचं खाद्य न देता. भुकेल्या कोंबड्या लांब जात नाहीत. अर्ध्या तासाने डबा खळखळवा, आत खाद्य टाका. दुसऱ्या दिवशी दोन तास आधी, मग तीन. आठवड्याभरात दिवसभर मोकळ्या.

वेळ घड्याळावर ठरवू नका. मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. नागपुरात नोव्हेंबरअखेर साडेपाचलाच दिवस संपतो. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की कोंबड्या वीस मिनिटं आधीच परततात. सूर्यास्ताच्या आसपास मोठ्या कोंबड्या आत जातात, तलंगा शेवटच्या उजेडापर्यंत उकरत राहतात. ‘अजून एक बाहेर आहे’ म्हणून मागे धावू नका. धावलात की ती दाराला भिते. थांबा, अंधार पडू द्या, मग उचला.

झाडावर चढणारीला सलग चार-पाच रात्री खाली काढून दांडीवर ठेवावं लागतं. मध्ये एक रात्र सोडली तर पुन्हा पहिल्यापासून. हात पोचत नसेल तर खालच्या फांद्या छाटा आणि एका पंखाची पिसं कापा: पंख पसरल्यावर टोकाकडची दहा लांब पिसं, वरच्या आखूड पिसांच्या ओळीखाली, एकाच बाजूची. दोन्ही बाजूंची कापली तर तोल राहतो आणि ती थोडी उडतेच. देठात रक्त दिसणारं नवं पीस कापू नका, त्यातून बराच रक्तस्राव होतो. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावं लागतं.

घरात आधीच कोंबड्या असतील तर

नव्या आलेल्या २१ दिवस वेगळ्या ठेवा, जमेल तितक्या लांब. खाद्य-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, भांडी आणि चपला वेगळ्या. राणीखेतची लागण झालेली कोंबडी दोन आठवड्यांपर्यंत वरून धडधाकट दिसू शकते. बाजारातून आणलेल्या दोन कोंबड्यांमुळे अख्खं खुराडं रिकामं होतं ते याच घाईपायी.

त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून शेजारी, म्हणजे दिसतील पण टोचू शकणार नाहीत. मग एकत्र. टोचण्याची उतरंड असते हे १९२१ साली नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी मांडलं आणि ती प्रत्येक नव्या कोंबडीगणिक नव्याने ठरते. आठवडाभर टोचाटोची चालेल, पिसं उडतील. रक्त आलं तर मात्र त्या कोंबडीला लगेच बाजूला घ्या. लाल ठिपका दिसला की सगळ्या तिथेच टोचतात.

रात्री गुपचूप नव्यांना जुन्यांत बसवायचं आणि सकाळी त्यांना कळणार नाही, असं सांगितलं जातं. कोंबड्यांना ओळखी पक्क्या असतात, सकाळी कळतंच. रात्री बसवण्याचा फायदा एवढाच की दाराशी मारामारी होत नाही. तसं केलंत तर फटफटायला तिथे हजर राहा आणि दार लगेच उघडा. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी. दांगट कोंबडी एकाच भांड्याची राखण करू शकते.

रुळलेली कोंबडी अचानक आत जाईनाशी झाली तर

हा कोंबडीचा हट्ट समजू नका. आत काहीतरी बिघडलेलं असतं.

पहिला संशय किड्यांवर घ्या. लाल पिसवा आणि कोंबड्यांची गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत, दांडीच्या सांध्यांत दडतात आणि रात्री येऊन रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही, म्हणून पाळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अंधार पडल्यावर दोन तासांनी पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने फिरवा. लाल रेघा उमटल्या तर तेच. मातीच्या भिंती लिंपून भेगा बुजवा, चुना फासा, दांडी काढून सांध्यांवर उकळतं पाणी ओता, तूस सगळं काढून जाळा. औषधाची फवारणी पशुवैद्याला विचारूनच करा आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या. सात दिवसांनी हे सगळं पुन्हा करा, कारण अंड्यांतून नवे निघतात.

दुसरा संशय: रात्री आत कुणीतरी येतं. घूस, धामण, नाग. खाद्य रात्री आत राहिलं की घुशी येतात, घुशींमागे साप. नव्या कोंबड्यांचे बंदिस्त दिवस संपले की रात्री खाद्य बाहेर काढा. तूस हाताने उकरण्याआधी काठीने हलवा. तिसरा, अमोनिया: गुडघ्यावर बसून दांडीच्या उंचीला नाक न्या, डोळे चुरचुरले तर तूस बदला. चौथा, दाराशी बसून इतरांना टोचणारी एखादी. तिला दोन-तीन संध्याकाळी सगळ्यांच्या आधी उचलून दूरच्या टोकाला बसवलं की बाकीच्या आत येतात. आणि मे महिन्यात नुसती उष्णताही पुरते. पत्र्यावर गवताचा थर टाका, संध्याकाळी पोती भिजवून टाका, आणि रात्रीही पाणी आत असू द्या.

दार लावताना आणि उघडताना

रोज मोजा. ‘सगळ्या असतील’ म्हणून दार लावू नका. मोजून झाल्यावर मिनिटभर गप्प उभं राहून ऐका. निजताना हलकी किरकिर, जागेवरून थोडी धुसफूस, मग शांतता, हे बरोबर आहे. घरघर, शिंक, खोकल्यासारखा आवाज रात्रीच स्पष्ट येतो, दिवसाच्या गलक्यात तो हरवतो. सर्दीचा आजार एक-दोन दिवस आधी पकडण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे.

सकाळी चांगलं फटफटल्यावरच उघडा. रानमांजर आणि कोल्हा पहाटेच्या अंधुक उजेडातही फिरत असतात. उघडल्यावर दांडीखालची शीट पाहा: घट्ट, वर पांढरी टोपी, अधूनमधून एखादी तपकिरी चिकट, हे ठीक. हिरवट पाणी, रक्त किंवा फेस दिसला तर त्या दिवशीच पशुवैद्याला गाठा. जिची गळ्याखालची पिशवी सकाळीही भरलेली आणि टणक लागते तिला वेगळं काढा, तिचं खाणं पुढे सरकत नाहीये.

कोंबडा असेल तर तो उजाडायच्या आधीच आरवेल, खुराडं कितीही झाकलंत तरी. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण म्हणतोच. २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आतल्या घड्याळाने पहाट ओळखून आरवतात हे दाखवलं. शेजार लागून असेल तर फक्त तलंगाच पाळा, अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.

शेवटची एक गोष्ट, जी सगळं सुरळीत झाल्यावरच अडचणीत आणते: खुराडं हलवणं. पंधरा-वीस फूट सरकवलं तरी संध्याकाळी कोंबड्या जुन्या रिकाम्या जागेवर येऊन उभ्या राहतात. हलवायचंच असेल तर रात्री, त्या आत असताना हलवा, आणि त्यानंतर तीन दिवस पुन्हा बंद ठेवा.